एमएस जनरल सर्जरी करून बाहेर पडलेल्यांना नेमकं काय विचारावं?

गोदाकाठ (धागाकर्ते)

नमस्कार मंडळी. मी जनरल सर्जन, मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी छोटं हॉस्पिटल चालवतो. ज्या सरकारी मेडिकल कॉलेजातून एमएस केलं, तिथल्या सर्जरी विभागाने ठरवलंय की गेल्या दहा-बारा वर्षांत बाहेर पडलेल्या सगळ्यांना गाठायचं आणि विचारायचं, आम्ही तीन वर्षांत जे शिकवलं ते बाहेर पुरलं का? प्रश्नावली करायच्या कामात मलाही घेतलंय.

विभागाकडे नॅकच्या (कॉलेजांना दर्जा देणाऱ्या संस्थेच्या) तपासणीच्या वेळचा एक जुना फॉर्म आहे. अध्यापनाचा दर्जा, ग्रंथालय, वसतिगृह, आणि प्रत्येकासमोर 'उत्तम' ते 'असमाधानकारक' असे पाच चौकोन. जवळपास सगळ्यांनी 'उत्तम'वर खूण केलीय. त्यातून विभागाला काही कळलं नाही. रात्री दोन वाजता परफोरेशनचा, म्हणजे आतड्याला भोक पडलेला पेशंट आला, मोठं हॉस्पिटल दोन तासांवर आहे, भूलतज्ज्ञ शेजारच्या गावाहून यायचाय, अशा वेळी पोट उघडायचा धीर त्या मुलाला झाला की नाही, हे त्या फॉर्मात कुठेच नाही.

माझं मत आधीच सांगतो. एमएसच्या परीक्षेत केस मांडायची असते, तोंडी द्यायची असते, ऑपरेशन करून दाखवायचं नसतं. त्यामुळे निकालावरून प्रशिक्षणाचा दर्जा कळत नाही. लॉगबुकावरूनही, म्हणजे ऑपरेशनांच्या नोंदवहीवरूनही, कळत नाही. तो कळतो फक्त बाहेर पडून एकट्याने काम करणाऱ्यांना. पण त्यांना काय विचारायचं, कधी विचारायचं आणि उत्तरं कुणी वाचायची? इथे सर्जन आहेत, भूलतज्ज्ञ आहेत, परदेशात शिकलेले आहेत, आणि ज्यांची ऑपरेशनं झाली असे तर कितीतरी. सगळ्यांचं ऐकायचंय.

सुईदोरा

लॉगबुकापासूनच सुरुवात करते. आमच्या वहीत तीन रकाने असायचे: पाहिली, असिस्ट केली, स्वतः केली. एकाने चीर दिली, मधलं सगळं लेक्चररने केलं आणि शेवटी याने त्वचा शिवली. दुसऱ्याने स्किन टू स्किन, म्हणजे पहिल्या चिरेपासून शेवटच्या टाक्यापर्यंत, केस केली. दोघांच्या वहीत 'स्वतः केली'च्या खाली हर्निया, एक.

म्हणून केसवार विचारा. इन्ग्वायनल हर्निया, हायड्रोसील, अपेंडिक्स, परफोरेशन, आतडं कापून जोडणं, मॅस्टेक्टॉमी (स्तन काढणं), लॅप कोली (दुर्बिणीतून पित्ताशय काढणं), थायरॉइड. यातली कोणती सुरुवातीपासून शेवटपर्यंत तुमच्या हातून झाली? तेव्हा सिनियर समोर वॉश होऊन (हात धुऊन, ग्लव्ह्ज घालून) उभे होते, ओटीत (ऑपरेशन थिएटरात) नुसते हजर होते की फोनवर? लॅप कोली आणि थायरॉइडपाशी बऱ्याच जणांचं पेन थबकेल.

माळरान

सुईदोरा ताई, +१. त्याला जोडून एक प्रश्न सुचवतो: एमएस झाल्यावर स्वतःचे पैसे घालून काय शिकायला लागलं?

आमच्या बॅचमधल्या जवळजवळ सगळ्यांनी नंतर लॅप्रोस्कोपीचा कोर्स केला. अमासी या दुर्बिणीच्या सर्जनांच्या संघटनेची एफएमएएस फेलोशिप घेतली, मग कुठेतरी मोठ्या हॉस्पिटलात काही महिने बिनपगारी उभं राहून कॅमेरा धरला. आमच्या कॉलेजात लॅप्रोस्कोपीचा सेट होता, पण गॅस भरायचं मशीन बरेच महिने बंद होतं आणि दुरुस्तीची फाइल फिरत होती. सर शिकवायला तयार होते, मुलं शिकायला तयार होती. 'अध्यापन कसं होतं' असं विचाराल तर मी 'उत्तम' लिहीन आणि ते खरंही आहे. 'कोर्सला पैसे कशाकशासाठी भरले' असं विचारलंत तरच ते मशीन तुमच्या अहवालात येईल.

चिंचेचं_झाड

डॉक्टर नाही, वाचतेय. वाखु (वाचनखूण) साठवली.

डोक्याकडची

मी भूलतज्ज्ञ. टेबलाच्या डोक्याकडच्या बाजूने गेली वीसेक वर्षं नवे सर्जन बघतेय. जिल्ह्यातल्या पाच-सहा छोट्या हॉस्पिटलांत भूल द्यायला जाते, त्यामुळे निरनिराळ्या कॉलेजांची मुलं एकामागून एक दिसतात.

चांगलं शिकलेला मुलगा वेगावरून ओळखू येत नाही. ऑपरेशनच्या आधी तो माझ्याकडे येऊन पेशंटबद्दल बोलतो का? रक्त वाहायला लागलं की आधी दाबून धरतो, की घाईने क्लॅम्प मारत सुटतो? पित्ताशयाभोवती सगळं चिकटलेलं आहे, काय कुठे आहे ते समजत नाही, अशा वेळी 'मॅडम, ओपन करतोय' असं म्हणायला त्याला किती वेळ लागतो? हे शेवटचं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. ज्या युनिटमध्ये सिनियरांनी मुलांदेखत दुर्बीण बाजूला ठेवून ओपन केलेलं असतं, तिथल्या मुलांना ओपन करणं ही हार वाटत नाही.

आता हे सगळं तो मुलगा स्वतः तुमच्या फॉर्ममध्ये कसं लिहील? त्याला ते दिसतच नाही. गोदाकाठ, 'फक्त बाहेर पडलेल्यांनाच कळतं' हे तुमचं वाक्य मला मान्य नाही. मला विचारा. त्याहीपेक्षा ओटीतल्या सिस्टरला विचारा. पहिल्या आठवड्यात तिचं मत झालेलं असतं.

गुलबक्षी

मी ओटी सिस्टर आहे, डोक्याकडची मॅडमचं शब्दशः खरं. 'सिस्टर, द्या' म्हणणारा आणि 'सिस्टर, अ‍ॅलिस द्या' असं हत्याराचं नाव घेऊन म्हणणारा यात फरक असतो. आणि पोट बंद करायच्या आधी मॉप (रक्त टिपायची फडकी) मोजायला थांबतो का, तेही बघा. काहींना आम्हाला थांबवावं लागतं, काही स्वतःहून विचारतात. हे ज्याच्या त्याच्या युनिटवरून येतं.

उत्तरायण

मी तीस वर्षांहून अधिक काळ सर्जरी शिकवली, आता निवृत्त आहे. धागा मनापासून आवडला. दोन-तीन गोष्टी सांगाव्याशा वाटतात.

नुकत्याच बाहेर पडलेल्या मुलाला विचाराल तर तो केस मिळाल्या नाहीत, ड्रेसिंगच करायला लावली असं सांगेल. त्या मुलावर माझा राग नाही, त्या वयात मीही हेच म्हणत होतो. पण आतडं जोडल्यावर चौथ्या-पाचव्या दिवशी पेशंटची नाडी किंचित वाढलेली आहे, पोट जरासं फुगलंय, ताप फारसा नाही, आणि तरी आत गळती सुरू झालीय हे ओळखायला तो वॉर्डातच शिकलेला असतो. रोज सकाळी राउंडच्या आधी प्रत्येक ड्रेन मोजायला लावणारा रजिस्ट्रार (वरिष्ठ निवासी डॉक्टर) तेव्हा त्याला छळवादी वाटतो. पुढे सात-आठ वर्षांनी तोच मला फोन करून त्या रजिस्ट्रारची आठवण काढतो. म्हणून माझं म्हणणं असं की पाच वर्षांच्या आत विचारूच नये. घाईने घेतलेल्या मतातून विभाग 'केसेस वाढवा' एवढंच शिकेल आणि वॉर्डातलं शिक्षण आणखी पातळ होईल.

दुसरं असं की, जनरल सर्जरीचं वाटप गेल्या पंचवीस वर्षांत बदललं. किडनी स्टोन युरोलॉजीकडे गेले, भाजलेले रुग्ण प्लास्टिककडे, लहान मुलं पीडियाट्रिक सर्जरीकडे. महात्मा फुले जनआरोग्य योजना आल्यापासून पूर्वी आमच्याकडेच येणारे कितीतरी रुग्ण योजनेत असलेल्या खासगी हॉस्पिटलांत जातात. रुग्णांसाठी ते चांगलंच आहे. पण टेबलावर केस कमी येतात त्याला शिक्षक जबाबदार आहेत असा निष्कर्ष तुमच्या प्रश्नावलीतून निघू नये, एवढं बघा.

माळरान

सर, आदर ठेवून असहमत. पाच वर्षांनी विचारलं तर तोपर्यंत त्या विभागात एचओडी बदललेले, युनिटं बदललेली, यंत्रं बदललेली. उत्तर जुन्या घराबद्दल मिळणार आणि दुरुस्ती नव्या घराला करणार.

शिवाय पाच वर्षांत माणूस बाहेर इतकं शिकतो की कुठलं कॉलेजात शिकलो आणि कुठलं नंतर, हे आठवत नाही. माझ्या मते बाँडचं (सक्तीच्या सरकारी सेवेचं) वर्ष संपलं की लगेच विचारावं. उपजिल्हा रुग्णालयात पहिल्यांदाच एकटे असतो, पाठीमागे युनिट नसतं. तिथे काय अडलं ते त्या वर्षी ताजं असतं.

सुईदोरा

दोन्ही वेळा विचारायला काय हरकत आहे? बाँड संपल्यावर एकदा, पाच वर्षांनी पुन्हा. प्रश्न तेच. उत्तरात जिथे फरक पडेल तिथे सरांचं म्हणणं खरं ठरेल किंवा पडेल.

आणि बाँडच्या वर्षात सगळेच एकटे नसतात हं. काही जण मेडिकल कॉलेजातच राहतात, त्यांचं ते वर्ष म्हणजे चौथी रेसिडेन्सी. त्यांची उत्तरं वेगळी ठेवावी लागतील.

रात्रपाळी_जेआर२

हा आयडी नवीन काढलाय, कारण लिहायची गरज नाही. सध्या एमएसच्या दुसऱ्या वर्षाला आहे.

तुम्ही सगळे 'त्यांना विचारा, ते सांगतील' असं गृहीत धरताय. आमची बॅच पाच जणांची. 'निनावी' फॉर्म भरला, त्यात 'मुलगी असल्यामुळे इमर्जन्सीला बोलावलं नाही' असं लिहिलं, तर ते कुणी लिहिलं हे शोधायला कुणालाही दोन मिनिटं लागणार नाहीत, कारण पाच जणांत मी एकटीच मुलगी आहे. थिसिसवर सही बाकी असते. परीक्षेला इंटर्नल एक्झामिनर तेच असतात. पास झाल्यावरही एसआरशिपसाठी (सिनियर रेसिडेंटच्या जागेसाठी), शिफारसपत्रासाठी त्यांच्याकडेच जायचं असतं. नॅकच्या फॉर्ममध्ये सगळं उत्तम का येतं हा मला प्रश्नच पडत नाही.

एक चांगलं सांगते. डीआरपीचे, म्हणजे डिस्ट्रिक्ट रेसिडेन्सीचे तीन महिने जिल्हा रुग्णालयात काढले. जायच्या आधी सगळे म्हणत होते वेळ वाया जाईल. प्रत्यक्षात तिथल्या सर्जननी पहिल्याच आठवड्यात हायड्रोसील करायला दिलं आणि हर्नियाला स्वतः असिस्ट केलं. मोठ्या युनिटमध्ये माझ्यापुढे रांगेत चार जण असायचे, तिथे रांगच नव्हती. त्यामुळे प्रश्नावलीत 'कुठे शिकलात' हेही विचारा. विभागाला वाटेल सगळं आम्हीच शिकवलं.

दगडफूल

डीआरपीचा माझा अनुभव नेमका उलट. तीन महिने कॅज्युअल्टीत बसवलं, शिवाय पोस्टमॉर्टेम आणि एमएलसी (पोलिसांकडे नोंदवायच्या केसेस). ओटीचं दार लांबूनच पाहिलं. २०२१च्या बॅचपासून हे सुरू झालंय, एव्हाना महाराष्ट्रभर किती जण जाऊन आले. कोणतं जिल्हा रुग्णालय शिकवतं आणि कोणतं नुसतं माणूस म्हणून वापरतं, याची साधी यादी जरी या सर्वेक्षणातून निघाली तरी पुढच्या मुलांचं भलं होईल.

थेम्सकाठची_सई

रात्रपाळी, तुझ्या भीतीला उत्तर असू शकतं. मी इंग्लंडमध्ये सर्जिकल ट्रेनिंग घेतलंय. तिथे जनरल मेडिकल काउन्सिल दरवर्षी सगळ्या ट्रेनींचं सर्वेक्षण करते, ट्रेनर्सचंही वेगळं. क्लिनिकल सुपरव्हिजन, हँडओव्हर, कामाचा बोजा, रोटा (ड्यूट्यांचं वेळापत्रक), मदतीचं वातावरण असे विषय असतात, आणि निकाल हॉस्पिटल व स्पेशालिटीनुसार वेबसाइटवर कुणालाही पाहता येतात. एखाद्या गटात तीनपेक्षा कमी उत्तरं असली तर त्या गटाचा निकाल दाखवतच नाहीत. मग दोन-तीन वर्षांची उत्तरं एकत्र करून बघता येतात.

खरी ताकद आहे ती पुढे. सारखे वाईट निकाल आले तर काउन्सिल त्या विभागावर जादा देखरेख ठेवते आणि टोकाच्या वेळी तिथून ट्रेनी काढून घेतले जातात. ट्रेनी गेले की रोटा कोसळतो, त्यामुळे हॉस्पिटलं ते आकडे गांभीर्याने घेतात. सगळं गोड आहे असं मुळीच म्हणत नाही. कामाच्या तासांवर आठवड्याला ४८ची मर्यादा आल्यावर केसेस कमी मिळतात ही तक्रार मीही केली आहे. पण विचारणारी संस्था आणि शिकवणारा विभाग वेगवेगळे आहेत, त्यामुळे बोलता येतं.

गोदाकाठ, तुमच्याकडे उत्तरं कोण वाचणार? विभागच वाचणार असेल तर इतर सगळी चर्चा पुढे ढकला आणि आधी ते सोडवा.

गोदाकाठ (धागाकर्ते)

सई, रात्रपाळी, मुद्दा पटला. विभागाचा विचार होता की विभागातलाच कारकून उत्तरं गोळा करेल. ते बदलायला लावतो. दुसऱ्या कॉलेजातल्या कम्युनिटी मेडिसिनच्या एका मॅडमना विचारून बघतो. उत्तरं त्यांच्याकडे जातील आणि विभागाला फक्त एकत्रित गोषवारा मिळेल, तोही तीन-तीन बॅचेस मिळून.

डोक्याकडची, तुमचा आक्षेप अजून डोक्यात घोळतोय. उत्तर देतो, जरा विचार करून.

आकडेमोड

वैद्यकीय शिक्षणाच्या मूल्यमापनावर काम करतो, डॉक्टर नाही.

१९५९ मध्ये कर्कपॅट्रिक यांनी प्रशिक्षण तपासायच्या चार पायऱ्या मांडल्या. शिकणाऱ्याला कसं वाटलं, तो काय शिकला, कामावर वागणं बदललं का, आणि शेवटी परिणाम काय झाला. नॅकचा फॉर्म पहिल्या पायरीवरच थांबतो. धागाकर्त्यांना तिसऱ्या पायरीवर जायचंय, पण साधन मात्र पहिल्याच पायरीचं, म्हणजे मत विचारणं. 'तुम्हाला आत्मविश्वास वाटतो का' याचं उत्तर स्वभावावर जातं. डॉक्टरांनी स्वतःच्या क्षमतेचा केलेला अंदाज आणि प्रत्यक्ष मोजलेली क्षमता फारशी जुळत नाही, आणि सर्वात कच्चे असतात त्यांचाच अंदाज सर्वात चुकतो, असं अनेक अभ्यासांत दिसलंय.

म्हणून मत विचारू नका, घटना विचारा. 'अपेंडिक्स जमतं का' असं न विचारता 'बाहेर पडल्यावर पहिलं अपेंडिक्स एकट्याने कधी केलं, ते कठीण निघालं तेव्हा काय केलंत' असं विचारा. 'कोणत्या केसेस पुढे पाठवल्या, आणि पाठवण्याचं कारण सोय नव्हती हे होतं, भूलतज्ज्ञ किंवा रक्त नव्हतं हे होतं की हात बसलेला नव्हता हे होतं?' तिसऱ्या कारणाची उत्तरं हीच विभागाची जबाबदारी. पहिली दोन कारणं वेगळी काढली नाहीत तर सगळा दोष प्रशिक्षणावर पडेल, आणि उत्तरायण सरांना वाटणारी भीती खरी ठरेल.

आणखी एक. ज्यांनी मधेच सीट सोडली ते तुमच्या यादीत आहेत का?

अटलांटिकपार

आकडेमोड यांच्या मुद्द्याला अमेरिकेतलं एक उदाहरण. इथे जनरल सर्जरीची रेसिडेन्सी पाच वर्षांची. बोर्डाच्या परीक्षेला बसायला किमान ८५० ऑपरेशनं लागतात, त्यातली २५० तिसरं वर्ष सुरू व्हायच्या आत. २००३ पासून आठवड्याला ८० तासांची मर्यादा आहे. आकडे भक्कम वाटतात ना? २०१३ मध्ये फेलोशिप (रेसिडेन्सीनंतरचं खास प्रशिक्षण) चालवणाऱ्या डॉक्टरांना विचारलं की पाच वर्षं पूर्ण करून तुमच्याकडे आलेले नवे फेलो कसे आहेत. उत्तर आलं की ३० टक्के जणांना लॅप कोली स्वतंत्रपणे करता येत नाही, आणि ६६ टक्के जण मोठ्या ऑपरेशनात अर्धा तासही देखरेखीशिवाय काम करू शकत नाहीत. ही मतंच आहेत, मोजमाप नाही, आणि देणारेही एका बाजूचे, हे लक्षात ठेवायला हवं. तरी धक्का बसायचा तो बसला.

त्यानंतरचा बदल रोचक आहे. जुलै २०२३ पासून अमेरिकन बोर्ड ऑफ सर्जरीने जनरल सर्जरीसाठी १८ कामं ठरवून दिली आहेत. इन्ग्वायनल हर्निया, अपेंडिक्स, पित्ताशय, जखमी रुग्णाची सुरुवातीची तपासणी वगैरे. प्रत्येक केसनंतर शिक्षकाने नोंदवायचं: या रेसिडेंटने नुसतं पाहावं, थेट देखरेखीखाली करावं, मी जवळपास असताना करावं, की एकट्याने करावं. फोनवर एखाद-दोन मिनिटांत होतं. मग तीन वर्षांनी त्याची आठवण विचारायला लागत नाही.

उत्तरायण

अटलांटिकपार, हे 'किती विश्वासाने सोपवता येईल' आम्हीही मनात करतच होतो. लिहून ठेवत नव्हतो एवढंच. ते लिहायला हवं होतं असं आता वाटतं. त्या मुलालाही कळलं असतं की आपण कुठे आहोत.

आईचा_मुलगा

मी इंजिनिअर आहे. आईचं पित्ताशयाचं ऑपरेशन सरकारी हॉस्पिटलात झालं. मोठ्या डॉक्टरांनी केलं की शिकाऊ डॉक्टरांनी, ते आम्हाला आजही माहीत नाही. आई व्यवस्थित आहे, तक्रार काही नाही. पण इथे 'केस मिळाली', 'केस दिली' असं वाचताना थोडं चरकलो. ती केस म्हणजे आमची आई. प्रशिक्षण कसं झालं हे ठरवताना पेशंटला कुणी विचारणार आहे का?

डोक्याकडची

आईचा मुलगा, तुमचं चरकणं रास्त आहे. ओटीत हा शब्द रोजच्या वापराने गुळगुळीत झालाय.

तुम्हाला धीर वाटावा म्हणून एक सांगते. जिथे शिकवणं चांगलं चालतं तिथे शिकणाऱ्याच्या समोर दुसरे अनुभवी हात वॉश होऊन उभे असतात, आणि पेशंटच्या दृष्टीने ते कित्येक खासगी ठिकाणांपेक्षा सुरक्षित असतं. धोका असतो तो मुलाला एकटं सोडून 'शिकेल आपोआप' म्हणतात तिथे. सुईदोराने विचारलेला 'सिनियर कुठे होते' हा प्रश्न तुमच्या आईसाठीच आहे असं समजा.

उत्तरायण

आणि पेशंटला सांगणं, हाही शिक्षणाचाच भाग. 'ऑपरेशन आमची टीम करेल, हे डॉक्टर करतील, मी सोबत असेन' असं मी सांगायचो. नकार देणारे फार थोडे भेटले. गोदाकाठ, बाहेर पडलेल्यांना हेही विचारा की नातेवाइकांशी बोलायला तुम्हाला कुणी शिकवलं. पेशंट गेल्याचं सांगायला कुणी शिकवलं? बहुतेकांना पहिल्या वर्षी रात्री एकट्यानेच ते करावं लागलेलं असतं.

दगडफूल

सर, हे फार खरं आहे. डॉक्टरांवरच्या हल्ल्यांविरुद्ध महाराष्ट्रात २०१० चा कायदा आहे, पण त्या क्षणी कॉरिडॉरमध्ये उभा असतो तो जेआर वन, म्हणजे पहिल्या वर्षाचा रेसिडेंट.

खानदेशी_सर्जन

थोडं अवांतर, पण विषयाला धरूनच. दोंडाईचाचे डॉ. तोंगावकर यांनी हर्नियासाठी महागड्या जाळीऐवजी निर्जंतुक केलेली मच्छरदाणीची जाळी वापरून दाखवली. पुण्याचे डॉ. देसरडा यांनी जाळीच न वापरता पोटाच्याच स्नायूवरच्या पडद्याची पट्टी वापरायची पद्धत काढली, ती आज परदेशातही केली जाते. दोन्ही गोष्टी महाराष्ट्रातल्या. मी एमएस करताना दोन्हींपैकी एकही टेबलावर पाहिली नाही. गावात आल्यावर पहिल्याच महिन्यात जाळीचा खर्च न परवडणारा शेतमजूर समोर बसला, तेव्हा शोधाशोध सुरू केली.

प्रश्नावलीत हे हवं: तुमच्या गावात जी साधनं आहेत, तेवढ्यात काम कसं करायचं हे कुणी शिकवलं का? कॉलेजात सी-आर्म (ऑपरेशन टेबलावरचं एक्स-रे मशीन), सीटी, रक्तपेढी, आयसीयू. गावात सोनोग्राफी आठवड्यातून दोनदा.

माळरान

देसरडा पद्धत मी एका ग्रामीण सर्जन परिषदेत पहिल्यांदा पाहिली. हर्नियावर स्वतंत्र धागा काढा राव, इथे गाडी घसरेल :)

खानदेशी_सर्जन

काढतो, पण मग जेवणखाण सोडून बसावं लागेल सगळ्यांना!

पूर्वीची_सर्जन

बरेच दिवस फक्त वाचत होते. आकडेमोड यांचा शेवटचा प्रश्न वाचून लिहावंसं वाटलं. मी ती सीट सोडलेली मुलगी. पहिल्या वर्षाच्या मध्यात सोडली, दंड भरला, आता दुसऱ्या विषयात एमडी आहे आणि काम मनापासून आवडतं.

सर्जरी आवडत नव्हती म्हणून सोडली नाही. सलग दीड-दोन दिवस झोप नाही, जेवण नाही, चूक नसताना वॉर्डात सगळ्यांसमोर अपमान, आणि हे सगळं 'सर्जन असाच घडतो' या नावाखाली. मला आजपर्यंत त्या विभागातून कुणीही विचारलेलं नाही की तू का गेलीस. एक फोनही नाही. टिकून राहिले तेवढ्यांनाच विचारलंत तर उत्तर असंच येणार की कष्ट होते पण घडलो. ते त्यांचं खरंही असेल. पण जे गेले त्यांच्यातले किती जण चांगले सर्जन झाले असते, हे तुमच्या सर्वेक्षणाला कधीच दिसणार नाही.

२०२४ मध्ये एनएमसीच्याच (राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या) मानसिक आरोग्याच्या टास्क फोर्सने आठवड्याला ७४ तासांपेक्षा जास्त काम नको आणि एक दिवस सुट्टी हवी अशी शिफारस केली. पदव्युत्तर शिक्षणाच्या २०२३ च्या नियमावलीतही 'वाजवी' तास लिहिलेत. वाजवी म्हणजे किती, हे बाहेर पडलेल्यांना आणि सोडून गेलेल्यांना, दोघांनाही विचारा.

रात्रपाळी_जेआर२

ताई, लिहिलंत, फार बरं केलंत.

सुईदोरा

पूर्वीची_सर्जन, तुमचा प्रतिसाद या धाग्यातला सगळ्यात महत्त्वाचा आहे. गोदाकाठ, सोडून गेलेल्यांची यादी कॉलेजच्या विद्यार्थी विभागात असतेच, नावासह. काढायला लावा.

उत्तरायण

मी या पिढीतल्या शिक्षकांच्या वतीने काही बोलू शकत नाही. पण अपमानातून सर्जन घडतो हे मला कधीच पटलं नव्हतं, आणि माझ्या युनिटमध्ये ते चालू दिलं नाही. कडक राउंड आणि अपमान या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. माझ्या पहिल्या प्रतिसादातल्या 'छळवादी रजिस्ट्रार'चा अर्थ कुणी दुसरा काढू नये.

पाच वर्षांच्या आत विचारू नये हे माझं म्हणणंही मी मागे घेतो. बाँडनंतर एकदा आणि पाच वर्षांनी एकदा, सुईदोरा म्हणतात तसं करा.

गोदाकाठ (धागाकर्ते)

सगळ्यांचे मनापासून आभार. आठवडाभर या धाग्यावरून टिपणं काढत होतो. काल विभागप्रमुखांशी तासभर बोललो.

'फक्त बाहेर पडलेल्यांनाच कळतं' हे मी आता म्हणणार नाही. काय अडलं हे त्यांना कळतं, कसं काम करतात हे शेजारच्यांना दिसतं. म्हणून प्रत्येक माजी विद्यार्थ्याने एका भूलतज्ज्ञाचं आणि एका ओटी सिस्टरचं नाव सुचवायचं, आणि त्यांना चारच प्रश्न जातील. डोक्याकडची आणि गुलबक्षी, ते चार प्रश्न तुम्ही दोघींनी लिहून द्यावेत अशी विनंती.

माजी विद्यार्थ्यांच्या फॉर्ममध्ये एकही 'उत्तम-समाधानकारक' चौकोन नाही. आठ ऑपरेशनांची यादी, कुणाच्या देखरेखीखाली केली, बाहेर पहिल्यांदा एकट्याने कधी केलं, पुढे काय पाठवलं आणि तिन्हींपैकी कोणत्या कारणाने, पदवीनंतर कशासाठी पैसे भरून शिकलात, डीआरपीत कुठे होतात आणि तिथे काय करायला मिळालं, नातेवाइकांशी बोलायला कुणी शिकवलं, कमी साधनांत काम करायला कुणी शिकवलं. मी स्वतः एक घातलाय: आज तुम्ही तुमच्या ऑपरेशनांची आणि गुंतागुंतींची नोंद ठेवता का, आणि ती सवय कुठे लागली? आमच्या विभागात दर महिन्याला मॉर्टॅलिटी मीटिंग व्हायची, मधे ती बंद पडली होती. कोणत्या बॅचेस नोंद ठेवतात आणि कोणत्या नाही, यावरून त्या मीटिंगची किंमत कळेल असं मला वाटतं.

सोडून गेलेल्यांबद्दल विभागप्रमुख आधी गप्प झाले. मग म्हणाले, यादी मागवतो, पण फोन विभागातून नको, त्या कम्युनिटी मेडिसिनच्या मॅडमच करतील. मॅडम तयार आहेत.

एक अडचण उरलीय. गोषवारा विभागाला मिळाल्यावर पुढे काय? सई म्हणाली तशी ट्रेनी काढून घेणारी संस्था आपल्या सर्वेक्षणामागे नाही. विभागप्रमुख बदलले की फाइल कपाटात जाईल.

थेम्सकाठची_सई

निकाल माजी विद्यार्थ्यांनाच परत पाठवा, ज्यांनी उत्तरं दिली त्या सगळ्यांना. सोबत विभाग यातलं काय बदलणार आणि कधीपर्यंत, हे विभागप्रमुखांच्या सहीने. पुढच्या वर्षी त्यांनाच विचारायचं, बदललं का. दीडशे माजी विद्यार्थ्यांच्या हातात कागद असला तर कपाटात टाकणं अवघड जाईल.

दगडफूल

आणि नीट-पीजीनंतर कॉलेज निवडणाऱ्या मुलांना तो गोषवारा वाचायला मिळू द्या. आज ती मुलं सिनियरांना फोन करून 'तिथे कटिंग (स्वतः ऑपरेशन करायला) मिळतं का' एवढंच विचारतात आणि सीट घेतात.

रात्रपाळी_जेआर२

दगडफूल यांच्याशी सहमत, मीही तसंच विचारून घेतली होती. गोदाकाठ सर, आम्ही आत असलेल्यांनी काय करायचं? आमची पाळी यायला अजून दोन वर्षं आहेत.

गोदाकाठ (धागाकर्ते)

रात्रपाळी, अटलांटिकपार यांनी सांगितलेली चार पायऱ्यांची नोंद आजपासून स्वतःच सुरू कर. प्रत्येक ऑपरेशननंतर वहीत एक ओळ: काय केलं, सिनियर कुठे होते, पुढच्या वेळी कुठल्या पायरीवर असायला हवं. लॉगबुकात नाही, वेगळ्या वहीत. आणि डीआरपीत शिकवणाऱ्या त्या सर्जननी परवानगी दिली तर त्यांचा संपर्क मला विपूत (विचारपूस) कळव, त्यांना प्रश्नावली तपासायला द्यायची आहे.

गुलबक्षी

आमचे चार प्रश्न रविवारी टाकते. डोक्याकडची मॅडम, शनिवारी ओटी लवकर संपली तर फोन करते.